'पॅच लावला: होय' एवढ्यावर भागत नाही

संपादक साहेब, स.न.वि.वि.

वेबसाइट हॅक झाल्याची बातमी आपल्याकडे साधारण एकाच साच्यात येते, हॅकर्सनी हल्ला केला, माहिती चोरीला गेली, सायबर सेलकडे तक्रार दिली, संपलं. मी गेली कित्येक वर्षं लोकांचे सर्व्हर सांभाळतो, म्हणजे साइट चालू असते तोवर ज्याला कोणी ओळखत नाही आणि बंद पडली की रात्री अकराला ज्याला फोन येतो तो माणूस, आणि ती बातमी वाचली की दरवेळी वाटतं, अहो कुलूप तोडलं की दार उघडंच होतं हे कोणीतरी विचारा की!

एक जुना किस्सा सांगतो. ४ ऑक्टोबर २०२१, सोमवार. कोरोनानंतर राज्यातल्या बऱ्याच शाळा त्या दिवशी उघडल्या, आणि रात्री नऊनंतर व्हॉट्सअॅप, फेसबुक, इन्स्टा सगळं एकदम बंद, लोक राउटर बंद-चालू करून थकले. त्याच दिवशी अपाची वेब सर्व्हरचं, म्हणजे साइटची पानं लोकांपर्यंत पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, २.४.५० व्हर्जन आलं, ते मात्र आमच्यासारखे सोडले तर कोणाला कळलंही नाही. आधीचं २.४.४९ येऊन तीन आठवडेही झाले नव्हते आणि त्यात मोठं भोक निघालं होतं.

भोक काय होतं ते सांगतो, अवघड नाहीये. वेब पत्त्यात टिंब-टिंब-स्लॅश लिहिलं की एक फोल्डर वर जाता येतं. असं वर वर चढत कोणी साइटच्या फोल्डरबाहेर पडू नये म्हणून सर्व्हर तो पत्ता आधीच साफ करून घेतो. २.४.४९ मध्ये हा साफसफाईचा कोड बदलला आणि तिथेच गडबड झाली, दोन टिंबांपैकी दुसरं सरळ न लिहिता 'पर्सेंट टू ई' (%2e, टिंबाचाच सांकेतिक कोड) असं लिहिलं की तपासणाऱ्याला ते टिंब वाटायचंच नाही, आणि पुढे फाइल उघडणाऱ्याला मात्र ते टिंबच दिसायचं. म्हणजे गेटवरच्या वॉचमनने बुरखा बघून आत सोडलं आणि आतल्याने बुरखा काढून चहा दिला. सीजीआय (सर्व्हरवरचे प्रोग्राम वेब पत्त्यातून चालवायची सोय) चालू असेल तर नुसत्या फाइली वाचणं नाही, सर्व्हरवर कमांडही चालवता यायची. पॅच, म्हणजे भोक बुजवणारी दुरुस्ती, यायच्या आधीच याचा गैरवापर सुरू झालेला होता.

मी तेव्हा एका शिक्षणसंस्थेचं काम बघत होतो, नाव देत नाही. साइट दुसऱ्याने बनवलेली, कंटेनरमध्ये, म्हणजे स्वतःचं अपाची सोबत घेऊन फिरणाऱ्या बंद डब्यात, टाकलेली. बाहेरचं मशीन मी दर महिन्याला अपडेट करायचो आणि आतला डबा कोणता आहे ते बघितलंच नव्हतं, ही माझी चूक, मान्य. मंगळवारी ऑफिसातून परवानगी घेऊन तोच टिंबांचा पत्ता आमच्याच सर्व्हरला मारून बघितला तर सर्व्हरवरच्या युजरांच्या यादीची अख्खी फाइल स्क्रीनवर! त्या फाइलीत पासवर्ड नसतात, पण घाम फुटायला ती पुरते. लगेच २.४.५० टाकलं. ऑफिसात एक रजिस्टर होतं, त्यात कॉलम 'पॅच अद्ययावत: होय/नाही', क्लार्क मॅडमनी 'होय' लिहून शिक्का मारला.

आणि ७ तारखेला २.४.५१ आलं. कारण २.४.५० चा पॅच अर्धवट होता, तेच टिंब दोनदा कोडमध्ये गुंडाळलं की पुन्हा आत. गंमत बघा, ७ ऑक्टोबर म्हणजे घटस्थापना, राज्यातली देवळं दीड वर्षांच्या कोरोना भानगडीनंतर त्याच दिवशी उघडली, सगळा महाराष्ट्र दारं उघडत होता आणि आम्ही बंद करत बसलो होतो. रजिस्टरात मात्र 'होय' आधीच लागलेला!

आता मुद्द्याचं. या दोन्ही वेळी काही सर्व्हर वाचले, आणि ते नुसत्या पॅचमुळे नाही. अपाचीच्या मूळ कॉन्फिगमध्ये (सर्व्हरने कसं वागायचं ते लिहिलेल्या फाइलीत) सगळ्यात वरच्या फोल्डरसाठी 'रिक्वायर ऑल डिनाइड' अशी ओळ असते, म्हणजे वेगळं सांगितल्याशिवाय कोणालाच काही द्यायचं नाही. ही ओळ जागेवर असेल तर टिंबं चढून आलेला माणूस तिथेच अडतो. आमच्याकडे त्या जागी होतं 'ऑल ग्रँटेड', आणि वर कमेंट, 'टेंपररी, नंतर काढणे'. तीन वर्षांपूर्वीची! मी ओळ बदलली तर दहा मिनिटांत फोन, स्कॉलरशिप फॉर्मवरचे मुलांचे फोटो दिसेनात. फोटोंचा फोल्डर साइटच्या बाहेर ठेवलेला, आणि तो एक दिसावा म्हणून कोणीतरी अख्खा सर्व्हर मोकळा केला होता. मग फक्त त्या फोल्डरला परवानगी दिली, दोन ओळींचं काम.

काही जण म्हणतील की ज्यांनी अपडेटच केलं नाही ते २.४.४८ वाले वाचले ना. हो, या भोकातून वाचले. पण २.४.४८ आणि त्याआधीच्या व्हर्जनांत प्रॉक्सीचं (आलेली विनंती दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवणाऱ्या भागाचं) वेगळं भोक होतं, ज्याचा पॅच २.४.४९ मध्येच आला होता, तेव्हा आळसाला शहाणपण म्हणू नका. आणि नुसता व्हर्जन नंबर बघून पास-नापास करणाऱ्या ऑडिटवाल्यांनाही एक विनंती, डेबियन, उबुंटू, रेडहॅट हे लिनक्स पुरवणारे बऱ्याचदा जुन्याच नंबरमध्ये नवा पॅच भरून देतात, तेव्हा नंबरवर जाऊ नका, पॅकेजचा चेंजलॉग, म्हणजे बदलांची यादी, उघडून बघा.

टेंडरमध्ये साइट बनवायचे पैसे असतात, उद्घाटनाचा नारळही असतो, पुढची पाच वर्षं कॉन्फिग कोण वाचणार याचे पैसे नसतात, एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) 'वेळोवेळी अपडेट' असं मोघम लिहून मोकळे. तेव्हा तुमच्या बातमीदारांना सांगा, पुढच्या वेळी कोणी 'हल्ला झाला' म्हणालं तर एवढं विचारा की त्या भोकाचा पॅच कधी आला होता, तुम्ही कधी लावला, आणि लावल्यावर बाहेरून तोच पत्ता मारून कोणी बघितलं का. उत्तर छापा, मग ते कितीही लाजिरवाणं असो.

आमच्या रजिस्टरात ७ तारखेची नोंद मी स्वतः पेनने मार्जिनमध्ये लिहिली, 'पुन्हा लावला, तपासला', कारण त्याला कॉलम नव्हता. मॅडम म्हणाल्या, यावर शिक्का नाही मारता येणार.

आपला एक वाचक
(नाव छापू नये ही विनंती)