ताई, त्रिनिदादमध्ये आईला पोटभर खाऊ घातलंत त्याबद्दल

ताई, नमस्कार. व्हॉट्सॲपवर थँक्यू म्हणून झालंय पण तेवढ्यावर मन भरेना, आणि शाकाहारी आईला घेऊन अजून कोणी कॅरेबियनला निघालं असेल तर त्यांच्याही कामाला येईल, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

आईची धास्ती तुम्हाला माहितीच आहे. बॅगेत अर्धी जागा मेतकूट, चटण्या आणि रेडी-टू-ईटच्या पाकिटांनी अडवलेली. त्यात हॉटेलवाल्यांनी पहिल्याच सकाळी तिच्यापुढे ब्रेड-बटर ठेवलं, मग काय, "सांगत होते ना मी" सुरू. आपली ओळख म्हणजे मैत्रिणीकडून मिळालेला एक नंबर, तरी तुम्ही फोनवर म्हणालात, "हॉटेलात काही खाऊ नका, मी येते."

डबल्स म्हटल्यावर मला वाटलं ऑम्लेट-बिम्लेट असेल. निघाले हळद घातलेले दोन मऊ तळलेले 'बारा', म्हणजे मैद्याच्या पुरीसारखा प्रकार, मध्ये रसदार छोले, वरून चिंचेची चटणी आणि कुचेला म्हणजे किसलेल्या कैरीचं लोणचं, सगळं कागदात गुंडाळून हातात. भर रस्त्यात उभ्याने खायचं, चमचा नाही की प्लेट नाही, एका बाराचा तुकडा तोडून त्यानेच छोले उचलायचे, हे तुम्ही आईला शिकवलंत. आणि गाडीवाला "पेपर?" म्हणजे मिरचीची तिखट चटणी हवी का विचारतो तेव्हा फक्त "स्लाइट", म्हणजे किंचित, म्हणायचं हेसुद्धा! तिथली स्कॉच बॉनेट मिरची म्हणजे आपल्या लवंगीवर वाढलेल्यांनीही जपूनच घ्यावी. ते सांगितलं नसतंत तर आमची सुट्टी तिथेच आटपली असती.

पण खरी मजा देबे गावाला. सॅन फर्नांडोच्या पुढे मुद्दाम तेवढ्यासाठी गाडी काढलीत, रस्त्याच्या कडेला ओळीने स्टॉल, आणि आईच्या हातात सहिना. डशीनचं पान म्हणजे आपलं अळूच, त्याला डाळीचं पीठ फासून गुंडाळी करून तळलेलं. आई आधी विचारते काय तर "पान खाजरं नाही ना?" मग एक खाल्ली, मग दुसरी, मग स्टॉलवाल्या आँटीला मराठीत सांगायला लागली की पिठात थोडा गूळ घाला, आणि तुम्ही न हसता ते इंग्रजीत पोचवलंत!! चिंच-गुळाशिवाय अळूवडी कशी लागेल असं मलाही वाटलं होतं, पण वरून आंबट चटणी असते त्यामुळे चालून जातं. (आईचं मत वेगळं आहे.)

रोटीच्या दुकानात तुम्ही दालपुरी मागवलीत, आत पिवळ्या वाटाण्याची डाळ भरलेली, सोबत भोपळ्याची तलकारी आणि बोडी, म्हणजे लांब शेंगांची भाजी. तेव्हाच तुम्ही सांगितलंत की १८४५ ते १९१७ मध्ये मळ्यांवर राबायला भारतातून जे १ लाख ४० हजारांवर लोक आणले गेले, त्यातले बहुतेक भोजपुरी मुलखातले, म्हणून तिथे जिरं 'गीरा' झालं आणि फोडणीला 'चुंके' म्हणतात. आई ते ऐकून बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, एवढ्या हालात पण चव सोडली नाही बघ.

कॅललूचं तर खास थँक्यू. डशीनची पानं, भेंडी, नारळाचं दूध, ऐकायला एकदम शाकाहारी, पण त्यात खेकडा किंवा खारवलेलं मांस असतं बऱ्याचदा. तुम्ही दरवेळी आत जाऊन विचारून यायचात, एकदा तर ताट परत पाठवलंत. एवढं स्वतःच्या नातेवाइकांसाठी कोण करतं हो.

मराकास बीचवर मी बेक अँड शार्क, म्हणजे तळलेल्या पावात शार्क मासा, हाणत होते आणि आई नुसत्या बेकमध्ये अननस, चिंच नि शॅडो बेनीची चटणी भरून खात होती, ती खूश, मी खूश. शॅडो बेनीला कोथिंबिरीसारखाच वास, पण दुप्पट उग्र. तिला ती आता इथे कुंडीत लावायचीये, रोज विचारते बी मिळेल का.

सगळ्याबद्दल मनापासून थँक्यू ताई. फक्त ती मॉबी, झाडाच्या सालीचं कडू सरबत, "पचनाला चांगलं" म्हणून ग्लासभर पाजलंत ना, त्याचे आभार काही मी मानणार नाही.