लिहिण्याआधीचे काम

चि. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला नियमित काम देणाऱ्या एका क्लायंटने करार पुढे वाढवला नाही आणि दुसऱ्याने शब्दामागचा दर जवळजवळ निम्म्यावर आणला, हे तुझ्या ईमेलवरून समजले. ‘आता या व्यवसायात राहण्यात अर्थ आहे का?’ असे तू विचारले आहेस. अशा वेळी धीराचे दोन शब्द लिहून पत्र पुरे करावे असे मला वाटत नाही. मी बरीच वर्षे संपादनाच्या टेबलावर बसून तुझ्यासारख्या मुक्त लेखकांचे लेख मागवले, दुरुस्त केले आणि परतही पाठवले. त्यामुळे हे पत्र आईचे असले तरी त्यात संपादकाचाच आवाज अधिक ऐकू येईल.

आधी गेलेल्या कामाविषयी. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी हे मजकूर लिहून देणारे एआय साधन सर्वांसाठी खुले झाले, आणि त्यानंतर पहिला घाव बसला तो दहा ठिकाणचे वाचून अकरावे लिहिण्याच्या कामावर: वस्तूंची वर्णने, ‘या आजाराची सात लक्षणे’ छापाचे लेख, कंपन्यांचे साचेबंद ब्लॉग. हे काम हलके होते असे मी म्हणणार नाही, कारण त्यावरच तुझा महिना निघत होता आणि त्यानेच तुझा हात वळणावर आला. तथापि ते पूर्वीच्या दरात परत येईल या आशेवर थांबणे मला धोक्याचे वाटते, आणि दर आणखी खाली आणून ते धरून ठेवणे त्याहून धोक्याचे. फुकटाच्या जवळपास मजकूर तयार होत असताना स्वस्ताईत बाजी मारणे कोणालाच शक्य नाही.

मग उरते काय, याचे उत्तर शोधताना मला १९३५ साल आठवते. महामंदीत अमेरिकेत वर्तमानपत्रे आणि प्रकाशनसंस्था माणसे कमी करत होत्या, तेव्हा तिथल्या सरकारने ‘फेडरल रायटर्स प्रोजेक्ट’ नावाची योजना काढून हजारो बेकार लेखक, पत्रकार आणि संपादकांना पगारी काम दिले. त्यांना कादंबऱ्या लिहायला बसवले नव्हते. प्रत्येक राज्याची मार्गदर्शिका तयार करणे, लोककथा टिपणे, सामान्य माणसांच्या मुलाखती घेणे असे ते काम होते. गुलामगिरीत जन्मलेल्या आणि तेव्हा वृद्ध झालेल्या स्त्री-पुरुषांच्या २,३०० हून अधिक आठवणी या लेखकांनी त्यांच्या तोंडून ऐकून लिहून घेतल्या. (त्या नोंदींतही दोष आहेत, पुष्कळ मुलाखतकार गोरे होते आणि समोरची माणसे त्यांच्यापुढे मोकळी होत नव्हती, असे अभ्यासकांनी दाखवले आहे.) तरीही ते लेखक त्या माणसांपर्यंत पोहोचले नसते, तर त्यांतल्या बहुतेक आठवणी कायमच्या हरवल्या असत्या. राल्फ एलिसन आणि झोरा नील हर्स्टन यांच्यासारखे नामवंत अमेरिकी कादंबरीकार याच योजनेत पगारावर होते.

मला त्यातून इतकेच घ्यायचे आहे की जे अजून कुठेच लिहिलेले नाही ते मिळवणे, म्हणजे लिहिण्याआधीचे काम, हेच तुझे खरे भांडवल आहे. यंत्र आधी लिहिलेल्यावर पोसले जाते. फोन उचलून अनोळखी माणसाला बोलते करणे, त्याच्या सांगण्यातली विसंगती लक्षात येऊन तोच प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारणे, मूळ कागद मागवून आकडा पडताळणे आणि छापलेल्या प्रत्येक ओळीची जबाबदारी आपल्या नावावर घेणे, हे अजून माणसालाच करावे लागते. तेव्हा तुझा वेळ तिकडे वळव. सर्व विषयांवर लिहिण्याचा हट्ट सोडून, जिथे तुझ्या ओळखी आहेत आणि जिथली परिभाषा तुला कळते, असे एक-दोन विषय पक्के धर.

हे संपादकाला कसे दिसते ते सांगते. सकाळी इनबॉक्स उघडला की प्रस्तावांचा ढीग असतो आणि त्यातले बहुतेक असे असतात: ‘नमस्कार, मी आरोग्य, तंत्रज्ञान, प्रवास, अर्थकारण आदी विषयांवर दर्जेदार लेखन करते, संधी मिळाल्यास आभारी राहीन.’ अशा ईमेलला मी उत्तर देत नसे. त्यात उद्धटपणा नव्हता, उत्तर देण्याजोगे काही नसायचे. आता हा दुसरा बघ: ‘रात्रपाळी करणारे रुग्णवाहिकेचे चालक दिवसा झोप कशी मिळवतात, यावर १,२०० शब्दांचा लेख देऊ इच्छिते. तीन चालक आणि एक निद्राविकारतज्ज्ञ बोलायला तयार आहेत. मजकूर १५ तारखेला देईन.’ इथे विषय आहे, माणसे आहेत, लांबी आणि तारीख आहे, आणि लेखिकेने लिहिण्याआधीचे निम्मे काम केले आहे हे न सांगता कळते. शिवाय संपादकाला सर्वांत मोठी धास्ती असते ती उद्या ‘दुरुस्ती’ छापावी लागण्याची. ज्या लेखिकेचा आकडा पुन्हा तपासावा लागत नाही, तिला तो दोन पैसे जास्त देऊनही बोलावतो.

नकार आला की तू तो लेखनावरचा अभिप्राय समजतेस, असे तुझ्या पत्रात जाणवले. वस्तुस्थिती बरीच रूक्ष असते: त्या महिन्याचे बजेट संपलेले असते, तसाच लेख दुसऱ्याकडून आलेला असतो, किंवा जाहिरात वाढून पानच उडालेले असते. साधारण आठवड्याने एक सभ्य स्मरणपत्र पाठवावे. तरीही उत्तर नसेल, तर तोच विषय दुसऱ्या नियतकालिकाला साजेसा करून पुढे पाठवावा.

उमेदीबद्दल मात्र माझे मत तुला कोरडे वाटेल. ती मनात शोधण्यापेक्षा वेळापत्रकात शोधावी, कारण पैशाची चिंता असताना मन सर्वांत आधी दगा देते. अँथनी ट्रोलप हे इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरी करत असताना पहाटे साडेपाचला टेबलाशी बसत आणि घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहीत. त्यांच्या मृत्यूनंतर हा हिशेब छापला गेला तेव्हा अनेक समीक्षकांनी नाके मुरडली. मला मात्र त्यात व्यवसायाविषयीचा आदर दिसतो. तू शब्द मोजू नकोस, तास मोज. सकाळचा ताजा वेळ ठरलेल्या लेखनाला दे आणि दुपारचा ठरावीक वेळ फक्त नवे प्रस्ताव व पाठपुरावा यांना, हातात भरपूर काम असतानाही. भरभराटीच्या महिन्यात प्रस्ताव पाठवणे थांबते, म्हणून दोन महिन्यांनी खडखडाट होतो, हे मी कितीतरी चांगल्या लेखकांच्या बाबतीत पाहिले आहे. (उमेद वाढवणारी भाषणे ऐकण्यात गेलेला वेळ यात धरायचा नाही.)

पैशाविषयी संकोच करू नकोस. मानधन, हक्क कोणाकडे राहतील, किती वेळा बदल करून द्यायचे, लेख मागवून तो छापला नाही तर किती रक्कम मिळेल आणि बिल किती दिवसांत भागेल, हे सर्व काम सुरू होण्याआधी ईमेलवर घे. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून लागू असलेल्या कायद्यात ८०० डॉलर वा अधिक रकमेच्या मुक्त कामाला लेखी करार सक्तीचा केला आणि करारात तारीख नसेल तर काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत पैसे देणे बंधनकारक ठरवले. असा कायदा नसलेल्या ठिकाणीही ‘३० दिवस’ ही अट आपण स्वतः घालू शकतो. एआयबद्दलही एक वाक्य घाल. २०२३ मध्ये हॉलिवूडच्या पटकथालेखकांनी १४८ दिवस संप करून जे मिळवले त्यात, लेखकाला दिलेला मजकूर एआयने तयार केलेला असेल तर कंपनीने तसे सांगावे, ही अटही होती. एकटीने ती मागणे कठीण आहे, पण यंत्राचा मसुदा ‘फक्त जरा नीट करून’ मागितला जात असेल, तर ते काम शब्दावर न घेता तासावर घ्यावे, कारण त्यातला प्रत्येक दावा तपासण्यातच अधिक वेळ जातो.

दर कमी करणाऱ्या क्लायंटला रागाने काही लिहू नकोस. ‘या दरात मुलाखती आणि पडताळणी करून देणे शक्य होणार नाही, जुन्या दराने महिन्याला कमी लेख देता येतील,’ एवढेच कळव आणि त्यांच्या उत्तरासाठी तारीख दे. त्यांनी नकार दिला तर रिकामा झालेला वेळ त्या दोन विषयांच्या मुलाखतींत घाल. तुझ्याकडे राहिलेल्या जुन्या टिपणांपैकी कोणत्या माणसांशी पुन्हा बोलता येईल त्यांची यादी मला रविवारपर्यंत पाठव. प्रस्तावाचा पहिला मसुदाही पाठवलास, तर मी लाल शाईने तपासून देईन.

तुझी,
आई