अण्णांची थ्री सेव्हन्टी फाइव्ह

प्रिय बापू,

सहा वर्षं झाली. तुझी तीन पत्रं माझ्या खणात आहेत आणि एकालाही मी उत्तर दिलेलं नाही. रागावला असशील तर भेटशील तेव्हा सगळा राग काढ, मी ऐकून घेईन. तब्येत बरी आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे, बाकी काही नाही.

अण्णांची .३७५ रायफल माझ्याकडे आली.

काकूंचा फोन आला होता. म्हणाल्या, "मुलांना तिचं काही नाही. परक्याच्या हातात द्यायला माझा जीव धजत नाही. बापूला विचारलं, तर तो म्हणाला, त्यालाच द्या." फोन ठेवल्यावर मला बराच वेळ काही सुचेना. त्या रायफलीवर तुझा जीव माझ्या आधीपासून जडलेला होता, हे मला ठाऊक नाही का? अण्णा ती पुसायला बसले की फडकं तुझ्याच हातात असायचं. मी आपला लांबून त्याहून मोठ्या .४१६ रायफलीच्या गप्पा मारत बसायचो. आणि तू एका वाक्यात ती सोडून दिलीस, वर मला कळवलंही नाहीस. म्हणून हे पत्र. दुसरंही एक कारण आहे, ते पुढे येईल.

परवान्याचे सोपस्कार संपायला सात महिने लागले. पेटी उघडली तर तोच वास. जवसाचं तेल आणि जुनं कातडं. बोल्ट मागे ओढला, पुढे ढकलला. कुठे खरखर नाही, अडखळणं नाही. मॅगझिनमध्ये एक डमी, म्हणजे बिनदारूचं, काडतूस टाकून सावकाश बोल्ट पुढे नेला आणि आत बघत राहिलो. माउझरचा तो लांब एक्स्ट्रॅक्टर, काडतूस धरणारा आकडा, काडतुसाच्या बुडाची कड वर येतायेताच पकडतो आणि मग चेंबरमध्ये, नळीच्या मागच्या पोकळीत, जाईपर्यंत सोडत नाही. रायफल वाकडी धरा, उलटी धरा, काडतूस त्याच्या पकडीत. तू मला हे पहिल्यांदा दाखवलंस तेव्हा मी म्हटलं होतं, "उलटी रायफल धरून कोण बार काढतो?" त्यावर अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पण खरं कारण त्यांनीच सांगितलं होतं: घाईत आणि घाबरल्यावर माणूस कशीही धरतो.

आणि ते काडतूस! मी इतकी वर्षं त्याला "म्हातारं" म्हणत आलो. आता एक हातात घेऊन नीट पाहिलं. बुडापासून निमुळतं होत जाणारी लांब पुंगळी, आणि खांदा इतका उतरता की बोट फिरवलं तरच कळतो. १९१२ साली हॉलंड अँड हॉलंडनं ते काढलं तेव्हा आत कॉर्डाइट नावाची दारू भरत. कॉर्डाइट तापलं की दाब चढतो, आणि उन्हात तापलेल्या रायफलीत रिकामी पुंगळी चेंबरमध्ये चिकटून बसली तर पुढचा बारच नाही. निमुळती पुंगळी मात्र एकदा जागची हलली की सगळ्या बाजूंनी सुटते. तोच आकार आत जातानाही कामी येतो. उतरत्या खांद्यावर हेडस्पेस, म्हणजे काडतूस आत नेमकं किती खोल बसावं ते माप, धरता येत नाही म्हणून बुडाशी तो पट्टा. पट्ट्याला मास्तर नावं ठेवतो, ठेवू दे. त्याच्या ९.३×६२ काडतुसाला पट्टा नाही, साध्या लांबीच्या माउझरमध्ये ते बसतं, आणि १९०५ पासून ते चांगलंच आहे, हे सगळं मला पाठ आहे. त्याला सांग, नाही, सांगू नकोस, परत दोन तास बोलेल.

आता ते, जे मी सहा वर्षं कुणाशी बोललो नाही.

त्या रेड्याच्या शिकारीच्या दिवशी शेकोटीपाशी तू म्हणाला होतास, "तुझा खांदा त्या रायफलीला घाबरतो आणि तू ते कबूल करत नाहीस." मी उठून तंबूत गेलो, आणि तिथून आपलं जे बिघडलं ते बिघडलंच. बापू, तुझं खरं होतं. मला ते त्याच क्षणी कळलं होतं, म्हणून तर इतका राग आला.

माझ्या .४१६ रिग्बीत दोष नव्हता. १९११ सालचं काडतूस, ४१० ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला २,३७० फुटांच्या वेगानं जाते, आणि पुंगळी इतकी ऐसपैस की एवढं करूनही दाब फार चढत नाही. बुद्धीनं निवडायचं तर रेड्याला ते .३७५ पेक्षा भारीच. पण मी ते बुद्धीनं निवडलं नव्हतं. मोठं आहे म्हणून निवडलं होतं. .३०-०६ च्या मानानं .३७५ चा धक्का साधारण दुप्पट, .४१६ चा जवळजवळ तिप्पट. मी .३०-०६ वरून थेट तिप्पटीवर उडी मारली. रेंजवर एका बैठकीत तीस-तीस बार काढले, तेही बेंचवर वाकून, जिथे खांद्याला मागे जायला जागाच नसते. अण्णा सांगत होते, झिरो करून, म्हणजे नेम जुळवून, झालं की उठ, उभा राहून मार, दहा बार झाले की घरी जा. मी ऐकलं नाही. दोन महिन्यांत चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटायला लागले. नळी खाली जायची. मी समजूत घातली की दुर्बिणीचा माउंट ढिला आहे.

मग तो रेडा. साठ पावलांवर आडवा उभा, याहून सोपा नेम आयुष्यात मिळणार नाही. मी दचकलो आणि गोळी मागे लागली. तो वळला. मी बोल्ट ओढला, पण पुरता मागे ओढला नाही. बोट-दीड बोट कमी पडलं असेल. काडतूस वर आलंच नाही, बोल्ट रिकाम्या चेंबरवर बंद झाला आणि चाप ओढल्यावर फक्त "टक्". तो "टक्" मला अजून ऐकू येतो. त्यानंतर डाव्या हाताला अण्णांचे दोन बार. तू तर माझ्या उजवीकडेच होतास. अण्णा मला काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी माझ्या तळहातावर पाच डमी काडतुसं ठेवली आणि म्हणाले, "रोज पन्नास वेळा. पुरता मागे." मी ती दुसऱ्या दिवशी त्यांच्या पेटीत परत टाकली. याची मला जितकी लाज वाटते तितकी त्या नेमाचीही वाटत नाही.

पेटीत ती पाचही होती. कातडी पाकिटात, पितळ झिजून चकचकीत झालेलं. म्हणजे ते स्वतः वापरत होते. वयाच्या त्या टप्प्यावर, रोज!

दीड महिना मी रोज पन्नास वेळा बोल्ट मारला. खांद्यावरून न उतरवता, पुरता मागे, पुरता पुढे. हे काडतूस लांबीला ३.६ इंच आहे, .४१६ चं ३.७५. म्हणजे हात दोन्हीकडे जवळजवळ सारखाच लांब जावा लागतो. लहान काडतुसामुळे हे सुटतं असं नाही, ते हातातच बसावं लागतं. मग मागच्या रविवारी मास्तरला घेऊन रेंजवर गेलो. त्याला म्हटलं, मॅगझिन तू भर, मध्ये कुठेही डमी टाक, मला सांगू नकोस. ५० मीटरवर, उघड्या साइटवर, काठ्यांच्या टेकूनं उभा राहून.

पहिला बार. तीनशे ग्रेनची गोळी. बापू, तो धक्का मारत नाही रे, ढकलतो. खांद्याला धरून कुणीतरी मागे सरकवावं तसा. नळीच्या टोकावरची माशी वर गेली आणि आपसूक खाली आली. दुसरा बार. तिसऱ्यांदा चाप ओढला तर "टक्". डमी होती. आणि नळी जागची हलली नाही. तिळभरही नाही. मास्तर मागून ओरडला, "अरे, स्थिर!" मी रायफल मोकळी करून टेबलावर ठेवली आणि तोंड फिरवून उभा राहिलो. मास्तरला वाटलं डोळ्यात धूळ गेली. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू? दुसरं कारण म्हणालो ते हे.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि आता मला तुझे हात हवे आहेत.

सहाव्या बारानंतर बोल्टच्या मागे, अॅक्शनची, म्हणजे बोल्ट बसतो त्या लोखंडी भागाची, शेपटी लाकडात बसते तिथे, एक केस दिसला. पुसायला गेलो तर केस नव्हे, चीर. तिथेच थांबलो. घरी येऊन खालचे दोन्ही स्क्रू काढले, अॅक्शन उचलली, आणि रिकॉइल लग, धक्का लाकडावर घेणारा लोखंडी ठोकळा, जिथे टेकतो तिथलं लाकूड काळं, तेलकट, नखानं दाबलं तर दबणारं. तुला आठवतं, ते रायफल कपाटात नळी वर करून उभी ठेवायचे आणि तेल सढळ हातानं घालायचे? वर्षानुवर्षं ते तेल उतरून लाकडात मुरलं. लाकूड मऊ पडलं, लग मागे सरकायला लागला आणि प्रत्येक बाराला शेपटी पाचरीसारखी आत बसत गेली. काकूंना मी हे सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

चिरेची मला फार भीती नाही. तेल शोषून काढायचं, मऊ झालेलं तेवढंच लाकूड कोरून तिथे इपॉक्सीचं बेडिंग, म्हणजे लोखंड घट्ट बसेल अशी भर, करायचं, चीर उघडून चिकटवायची, आडवी पिन घालायची, आणि शेपटीमागे जाड कागदाएवढी फट ठेवायची म्हणजे ती परत पाचर होणार नाही. एवढं मला कळतं. तू बघशील तेव्हा सतरा चुका काढशील, काढ.

काळजी बटाची आहे. अण्णा उंचीला बेताचे. चापापासून बटाच्या टोकापर्यंत मोजलं, सव्वा तेरा इंच. मला सव्वा चौदा लागतं. सहाच बारांत दोनदा अंगठा नाकाला लागला. साइट उघडी होती म्हणून भागलं, दुर्बीण असती तर भुवई फुटली असती. अशा रायफलीत माप चुकलं की धक्का गालफडावर येतो, आणि धक्का तोंडावर आला की सहा महिन्यांत मी परत दचकायला लागेन. ती भीती नुसती मनातली नाही, मी ती एकदा भोगली आहे. म्हणजे बट लांब करायलाच हवा. मास्तर म्हणतो, टोकाची लाकडी फणी कापून जाड रबरी पॅड बसव, एक दिवसाचं काम. दुसऱ्या एकाचं म्हणणं, लाकूड तसंही गेलं आहे, नवीन अक्रोडाचा स्टॉक कर.

मला हात लावायचा धीर होत नाही. गाल टेकून टेकून जिथे पॉलिश उडालं आहे ती जागा त्यांची आहे. पकडीवरच्या नक्षीचे कोपरे त्यांच्या अंगठ्यानं बुजले आहेत. ते कापून मी माझ्या मापाची रायफल करून घेतली तर मग अण्णांची काय राहिली? आणि न कापता भिंतीवर टांगली तर त्यांनी मला जे शिकवलं त्याला अर्थ काय? ते स्वतः कधी शोभेची वस्तू बाळगणारे नव्हते. रात्री दोन-दोनदा उठून मी तो बट हातात घेऊन बसतो. घरात सगळे हसतात.

बाकी रायफल मी कसून तपासली. नवी घ्यायची असती तर जितकी तपासली असती तितकीच. माउझर मॅग्नम लांबीचीच आहे, साध्या लांबीची कोरून वाढवलेली नाही. बोल्टच्या खालच्या लगला, बोल्ट अडकवणाऱ्या दाताला, आधार देणारं लोखंड शाबूत आहे, हे मी दिवा धरून दोनदा पाहिलं. खांद्याला अडकवायच्या पट्ट्याची कडी नळीवर आहे, लाकडावर नाही, त्यामुळे धक्क्यात डावा हात सोलला जात नाही. मागची साइट तीच रुंद व्ही, मध्ये पांढरी रेघ, आणि माशीवर रात्रीचा तो उघडणारा मोठा मणी. मॅगझिनमधून मऊ नाकाची आणि सॉलिड, दोन्ही गोळ्या न अडता जातात. २७० आणि ३०० ग्रेन जवळजवळ एकाच ठिकाणी लागल्या. तू हे सांगायचास तेव्हा मी थापा समजायचो. शब्द मागे घेतो. पितळाचं मात्र एक लक्षात ठेव: वापरलेली पुंगळी परत भरताना खांदा फार मागे दाबू नकोस. चेंबर पट्ट्यावर सांभाळून घेतो खरा, पण पुंगळी पट्ट्याच्या पुढेच ताणत जाते आणि काही वेळा भरल्यावर तिथून तुटते. माझी एक तशी निघाली, आतून तार फिरवली तर खाच लागली. बाकीची त्याच वयाची सगळी टाकून दिली.

.४१६ मी विकणार नाही, तुला आनंद होणार असला तरी. खांदा सरळ झाला की तिच्याकडेही परत जाईन. या वेळी दहा बारांच्या हिशेबानं. आणि जिम कॉर्बेटच्या .४५०-४०० दुनळीवरून आपलं जे भांडण अर्धं राहिलं आहे, त्यात मी अजून माझ्याच बाजूला आहे.

वहिनींचा गुडघा कसा आहे? शेवटच्या पत्रात ऑपरेशनचं लिहिलं होतंस, आता चालत असतील. मुलीनं नोकरी बदलली हे काकूंकडून कळलं, तिला माझा आशीर्वाद सांग. तुझी पाठ सांभाळ, जड लाकूड एकट्यानं उचलू नकोस.

अॅक्शन आणि लाकूड टेबलावर वेगवेगळी ठेवली आहेत. नळी खाली, तेल पुसून. चिकटवायला हात लावलेला नाही. एक विचार आला आहे तो सांगतो: फणी कापायची नाही, फक्त काढून जपून ठेवायची, आणि टोकाला त्याच रंगाच्या अक्रोडाचा तुकडा घालून पुढे पातळ पॅड लावायचं. म्हणजे कधी वाटलं तर तुकडा काढून जसं होतं तसं करता येईल. रेषा जुळवून तो तुकडा बसवणारा मला तू एकच माहीत आहेस. आणि तुकडा कापण्याआधी तुझंही माप हवं. कोपर काटकोनात वाकवून, कोपराच्या खळगीपासून चापाच्या बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत. मला आठवतं त्याप्रमाणे तू चौदाच्या आसपास असशील. पाव इंचाचा फरक दोघांनाही चालतो. माप कळव, किंवा नको कळवूस, स्वतःच ये. पटाशी तुझीच आण, माझ्या बोथट आहेत.

तुझाच