खारीकचा खडा

सातारा,
२१ एप्रिल

प्रिय विन्या,

तुझे दोन फोन मी उचलले नाहीत आणि नंतर उलटा फोनही केला नाही. शिव्या दिल्या असशील, त्या पोचल्या. पहिला फोन आला तेव्हा माझ्या एका हातात पाऊण किलोचा जीव होता आणि दुसऱ्यात बिनसुईची सिरिंज. दुसरा आला तेव्हा पुण्यातल्या एका दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. तेव्हा बोलायला गेलो असतो तर घसा दाटला असता आणि तू जन्मभर चिडवलं असतंस. म्हणून पत्र लिहितोय.

आमच्याकडे गिनीपिग आली आहे. मादी. पलीकडच्या गल्लीतल्या एका कुटुंबाची बदली झाली. सामानाच्या ट्रकात पिंजरा कुठे न्यायचा म्हणून त्यांनी विचारलं आणि ओवीने मला न विचारताच हो म्हणून टाकलं. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी ती आली. नाव होतं फ्लफी. रंग खारकेचा, पाठीवर एकच पांढरा पट्टा. आईला ‘फ्लफी’ म्हणता येईना, ती ‘फुलपी’ म्हणायची. म्हणून ओवीने नाव बदलून खारीक केलं. आईने तेही दोन आठवडे तोंडी घेतलं नाही. ती म्हणायची, “तो उंदीर.”

तुला वाटेल, हा कशाला एवढं सांगतोय. सांगतोय कारण तिला मुतखडा झाला. आणि मुतखडा म्हटलं की मला कऱ्हाडचं हॉस्टेल, रात्रीचे दोन, आणि वॉचमनच्या लूनावर माझ्या मागे बसून बोंबलणारा तूच आठवतोस. कोयनेच्या पुलावर तू एवढ्याने ओरडलास की कुत्री मागे लागली होती. ही मात्र ओरडली नाही रे. या प्राण्याला जंगलात सगळेच खाणारे. दुखतंय असं दाखवलं की संपलाच. त्यामुळे दुखणं लपवणं त्याच्या हाडात भिनलंय. खायची, फ्रिज उघडला की शिट्टी मारायची, ओवीच्या मांडीवर पसरायची. फक्त लघवी करताना पाठ कमानीसारखी वर घ्यायची आणि बारीक ‘चीं’ करायची. पोरगी म्हणायची, “बाबा, ती गाते.” मीही ऐकून हसलो होतो. हे मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

पिंजऱ्यात लाकडाचा भुसा होता, त्यात काही दिसायचं नाही. एका संध्याकाळी भुसा संपला म्हणून आईने वडलांच्या जुन्या धोतराचा तुकडा फाडून दिला. (बोलणं उंदराचं, पण धोतर वडलांचं, आईचं हे असंच असतं.) सकाळी त्या पांढऱ्यावर रुपयाएवढा गुलाबी डाग. कडेला खडूच्या भुकटीसारखं पांढरं. ते पांढरं पाहूनच मी जास्त घाबरलो, आणि ते चुकीचं होतं. गिनीपिगची लघवी मुळातच गढूळ असते. आपलं शरीर गरजेपुरतं कॅल्शियम आतड्यातून उचलतं; हिचं शरीर बरंचसं उचलून घेतं आणि जास्तीचं लघवीतून टाकून देतं. वाळलं की थोडा पांढरा डाग राहणारच. तो बोटाला वाळूसारखा खरखरीत लागला तर काळजी. आणि गुलाबी डाग दिसला तर थांबायचंच नाही.

मी थांबलो, एक दिवस. आणि त्या एका दिवसात तिला मारूनच टाकणार होतो. ओवीच्या घशासाठी आणलेलं अमॉक्सिसिलिनचं अर्धं औषध फ्रिजमध्ये होतं. लघवीचा संसर्ग असणार, त्याला अँटिबायोटिक, एवढं मला कळतंच की! सिरिंजमध्ये अर्धा मिली भरलासुद्धा. शुभदा म्हणाली, आधी डॉक्टरांना विचार. आपल्या नेहमीच्या गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते गोठ्यातच होते, मागे म्हैस हंबरत होती. त्यांनी नुसतं नाव ऐकलं आणि ओरडले, “ओता ते मोरीत! आत्ता!” पेनिसिलिनच्या जातीची औषधं तोंडाने गेली की गिनीपिगच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात, वाईट माजतात, आणि काही दिवसांत प्राणी जातो. माणसाच्या पोराला चालणारं गुलाबी गोड औषध हिला विष. मग ते शांत झाले आणि म्हणाले, “हे बघा, मी हा प्राणी कॉलेजात प्रयोगशाळेत पाहिलाय. उपचार केलेले नाहीत. उगाच हात घालणार नाही, पुण्याला न्या.” असा डॉक्टर मिळायला नशीब लागतं.

सकाळची पहिली एसटी धरली. उन्हाआधी निघायचं, कारण आपल्याला नुसतं गरम वाटतं तेव्हा हिला उष्माघात होतो. सत्तावीस-अठ्ठावीस अंशांपुढे हिचं काही खरं नाही. भाजीच्या करंडीत धोतर, त्यावर चारा, एका कोपऱ्यात गोठवलेल्या पाण्याची बाटली पंच्यात गुंडाळून. कंडक्टरने करंडीवरचं फडकं वर करून पाहिलं आणि विचारलं, “ससा का?” मी म्हटलं, गिनीपिग. “म्हणजे प्रयोगाचा?” “नाही, घरचा.” तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. खंबाटकीच्या बोगद्यात अंधार झाला तेव्हा ती पहिल्यांदा माझ्या बोटाला बिलगली. एवढीशी छाती, आणि आत शिवणयंत्र चालल्यासारखं.

पुण्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण, ओवीच्या मावशीएवढ्या. आधी वजन केलं: ७१० ग्रॅम. घरी आली तेव्हा आम्ही गंमत म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली होती, तेव्हा ७८० भरली होती. म्हणजे रोज ‘छान खातेय’ म्हणत असताना ती सत्तर ग्रॅमने उतरली होती आणि आमच्या डोळ्यांना दिसलं नव्हतं. माद्यांना गर्भाशयातूनही रक्त जातं आणि ते लघवीतलंच वाटतं, म्हणून आधी सोनोग्राफी. मग एक्स-रे. विन्या, तो एक्स-रे मी फोनमध्ये ठेवलाय, आलास की दाखवतो. काड्यापेटीच्या काड्यांसारखी बरगडी, आणि खाली मूत्राशयात एक पांढराशुभ्र ठिपका. ज्वारीच्या दाण्याएवढा. कॅल्शियमचा खडा असल्यामुळे तो हाडासारखाच चमकत होता.

मग बाईंनी विचारलं, “खायला काय देता?” मी अभिमानाने सांगितलं. पेठेतल्या चाराविक्याकडून रोज ताजं लसूणघास. दारच्या शेवग्याचा कोवळा पाला. थोडी मेथी, थोडा राजगिरा. आपल्याकडे हाडं धरावीत म्हणून पोराबाळांना जे जे खाऊ घालतात ते ते सगळं! बाईंनी पेन खाली ठेवलं. लसूणघास दुभत्या जनावराला उत्तम, गाभण किंवा वाढत्या गिनीपिगलाही चालतं, पण मोठ्या झालेल्या मादीला रोज दिलं म्हणजे कॅल्शियमची पोतीच ओतल्यासारखं. शेवग्याचं तर बोलायलाच नको.

मी खालमानेने विचारलं, मीच केला का हा खडा? त्या म्हणाल्या, “तीन आठवड्यांत एवढा होत नाही. तो घेऊनच आली असणार. तुम्ही त्याला खाऊपिऊ घातलं एवढंच.” आणि खाण्यानेच होतो असंही नाही म्हणे, कमी पाणी, कमी हालचाल, अंगाचा कल, संसर्ग, सगळं मिळून होतो. मला दिलासा मिळायला हवा होता. मिळाला राग. बाहेर येऊन मी त्या बदली झालेल्या कुटुंबाला फोन लावला. काकू सहज म्हणाल्या, “हो हो, ती शू करताना ओरडायचीच, तिची सवयच आहे ती.” मी काय बोलणार? त्यांना ती सवय वाटली, आम्हाला गाणं. फोन ठेवला.

खडा काढायचे दोन मार्ग होते. मादीची मूत्रनलिका आखूड आणि जरा रुंद असते, त्यामुळे भूल देऊन खालूनच बारीक चिमट्याने ओढता येईल का पाहायचं. नाही जमलं तर पोट आणि मूत्राशय उघडायचं. भूल हाच मोठा धोका, बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मी विचारलं, रात्रीपासून उपाशी ठेवू का? कुत्र्याला ठेवतात तसं. तर उलट! हिला उलटी होतच नाही आणि आतडं रिकामं राहिलं तर तेच थांबतं. म्हणून शेवटपर्यंत चरू द्यायचं. तेव्हाच तुझा दुसरा फोन आला होता.

खडा खालून निघाला. सोबत गाळही धुऊन काढला. बाईंनी तो छोट्या डबीत घालून मला दिला, पिवळसर, दुधाच्या दातासारखा, पण अंगावर काटेच काटे. हा घेऊन ती शिट्ट्या मारत होती.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. वेदनेमुळे तिने खाणं सोडलं आणि या प्राण्याने खाणं सोडलं की घड्याळ सुरू झालं समजायचं. दर अडीच-तीन तासांनी गोळीखाद्य कोमट पाण्यात भिजवून, वाटून, कपड्यातून गाळून, सिरिंजने भरवायचं. समोरच्या दातांतून नाही, बाजूच्या फटीतून, एका वेळी थोडंच, आणि ती चावून गिळेपर्यंत थांबायचं. घाई केली तर फुप्फुसात जातं. रात्री दोनची पाळी माझी, पाचची शुभदाची. वेदनाशामक थेंब दिवसाला एकदा, हिला चालणारं अँटिबायोटिक दोनदा. शिवाय क जीवनसत्त्व. माणसासारखंच हिचं शरीरही ते तयार करू शकत नाही. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश यांना खलाशांच्या स्कर्व्ही रोगाचं (क जीवनसत्त्व कमी पडलं की हिरड्यांतून रक्त येतं तो) गूढ याच प्राण्यामुळे उलगडू लागलं. किलोमागे रोज दहा ते तीस मिलिग्रॅम, आजारात त्याहून जास्त. पाण्यात घालायचं नाही, तिथे ते टिकत नाही. आम्ही ढोबळी मिरचीची फोड देतो आणि थेंब वेगळे. पाणीही जास्त जावं म्हणून हिरवं सगळं ओलंच देतो, काकडीची चकती वर.

आणि चारा? बाहेरून येणारं टिमोथी गवत पुड्यांत मिळतं, त्याच्या किमतीत आमचा आठवड्याचा किराणा येतो. बाईंना विचारलं, हरळी चालेल का? म्हणाल्या, उत्तम, फक्त औषध फवारलेली आणि रस्त्याकडेची नको. तर आता मी रोज सकाळी यवतेश्वरच्या वाटेवर चुलतभावाच्या बांधावर हरळी कापतो आणि गच्चीवर सावलीत वाळवतो. परवा गुरुजी भेटले, म्हणाले, “एवढ्या दूर्वा? कसली संकष्टी?” आपल्या गणपतीला एकवीस पुरतात, हिला दिवसाला पिशवीभर लागतात.

पहिले चार दिवस वजन पडतच गेलं. ७०२, ६९५, ६८८, ६८१. शुभदा वहीत लिहायची आणि पान उलटून ठेवायची. पाचव्या दिवशी रात्री मला आईने हलवून उठवलं. घाबरून उठलो. वाटलं, गेली. आई पिंजऱ्याशी पाट टाकून बसली होती, हातात टॉर्च. कुजबुजली, “मुतली रे. गप मुतली. अजिबात ओरडली नाही.” धोतरावर ताजा ओला डाग, जराही लाल नाही. आणि आई त्या डागाकडे अशी बघत होती की जणू तिथे पारिजातक पडलाय. तिला मी विचारलं, तू कधीपासून बसलीस इथे? म्हणाली, मला झोप लागत नाही. मग थोड्या वेळाने म्हणाली, “हिला खारीक नाव बरं नाही. सुकलेली असते. पण राहू दे आता, सवय झाली तिला.”

आज वजन ७६०. काल संध्याकाळी ताटलीवर ओली कोथिंबीर ठेवली (थोडीच रे, मोजून चार काड्या), तर ज्वारीची लाही फुटावी तशी जागच्या जागी टणकन उडाली. आनंद झाला की हे प्राणी असेच उडतात म्हणे. ओवीने तीनदा तो व्हिडिओ पाठवला, तू एकदाही पाहिला नाहीस.

खडा पुन्हा होऊ शकतो, होतोच बऱ्याचदा. त्यामुळे धोतर पांढरंच राहणार आणि काटा ओट्यावरच राहणार. हिला जोडीदारीण हवी, हा प्राणी कळपातला आहे, असंही बाईंचं म्हणणं. ते मी घरात अजून कुणाच्या कानावर घातलेलं नाही. तू घातलंस तर बघ.

आता कामाचं. १० मेला शुभदाच्या भाच्याचं लग्न कोल्हापूरला, दोन रात्रींचा मुक्काम. आई येणार नाही म्हणते, पण तिच्या हाताला कंप आहे, सिरिंज धरता येत नाही. चाराविक्याच्या पोराला मी हे सोपवणार नाही. मुतखड्याची कळ काय असते ते माझ्या ओळखीत तुझ्याएवढं कुणालाच ठाऊक नाही, तेव्हा तू ये. शिकवायला एक दिवस लागेल, म्हणून ८ तारखेलाच ये. आई तुझ्यासाठी कुळथाचं कढण करणार आहे, तुझ्या जुन्या खड्यासाठी. नको म्हणू नकोस, तिला वाटतं तुझा तिनेच पाडला.

आणि मे महिन्यात एसटीत दुपारी बसू नकोस. पाणी पी.

तुझा,
बंड्या

ता.क. डबीतला खडा ओवीने शाळेत नेऊन दाखवला. परत येताना डबी आली, खडा नाही. वर्गातल्या कुणाकडे तरी असणार.