कम्युनिटी नर्सिंग शिकवणाऱ्या मॅडमना, जाहीरपणे

आदरणीय मॅडम,

एमएस्सी नर्सिंगचा निकाल लागला त्या दिवशी तुम्हाला फोन केला. आभार मानायला तोंड उघडलं, तर तुम्ही ‘पेढे नंतर, आधी दोन दिवस झोप काढा’ म्हणून विषयच संपवलात. समोर आले तरी तुम्ही मला यापेक्षा जास्त बोलू देणार नाही. म्हणून इथे लिहिते, चार लोकांच्या देखत. नाव घ्यायचं नाही असं बजावलंय तुम्ही, तेवढं पाळते.

मी रायगड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. तीस खाटा. इथे वॉर्ड वेगळे असले तरी रात्रीची सिस्टर बहुतेक वेळा एकच असते. लेबर रूम तिची, कॅज्युअल्टी तिची, तापाने फणफणलेलं पोर तिचं आणि दारू सुटल्यामुळे भ्रम झालेला, खाटेवरून उठून पळणारा माणूसही तिचाच. जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झाला, नोकरी करत पोस्ट बेसिक म्हणजे बीएस्सी झालं आणि पुढे शिकायची इच्छा काही जाईना. पण आपल्याकडे एमएस्सी नर्सिंग म्हटलं की शाखा निवडावी लागते: मेडिकल-सर्जिकल, बालरोग, प्रसूती, मानसिक आरोग्य नाहीतर कम्युनिटी, म्हणजे समाजाचं आरोग्य. मला तर यातलं सगळंच रोज लागतं. मी निवडू काय?

हाच प्रश्न घेऊन आधी एका दुसऱ्या कॉलेजात गेले होते. तिथे समोरच्या व्यक्तीने माझा अनुभवाचा दाखला वाचला आणि म्हणाली, “जनरल ड्युटी? म्हणजे कशातच धड अनुभव नाही.” मी उभीच होते, तशीच बाहेर आले. ऑफिसात ना हरकत प्रमाणपत्राची फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला महिने लागले आणि दरवेळी कोणीतरी विचारायचं, “एमएस्सी करून शेवटी सलाइनच लावणार ना?” हे विचारणाऱ्यांत आमच्याच खात्यात वर चढलेल्या, कधीकाळी स्वतः नाइट केलेल्या सिस्टरही होत्या, याचं दुःख अजून गेलेलं नाही. बाहेरच्याने हिणवलं तर माणूस सोडून देतो. आपल्या माणसाचं मनात राहतं.

तुमच्याकडे आले ती नाइट उतरून, तशीच एसटीने. डोळे लाल, डोक्यात गेल्या बारा तासांचा गोंधळ. तुम्ही अनुभव विचारलात, तर मी आधीच हार मानल्यासारखं बोलून गेले, “मॅडम, जनरल ड्युटी. स्पेशल असं काही नाही.” तुम्ही त्यावर काहीच बोलला नाहीत. माझी समजूतही काढली नाहीत. समोरचा एक पाठकोरा कागद ओढलात, पेनाचं टोपण काढलंत आणि म्हणालात, “काल रात्री काय काय झालं, ते सांगा.”

मी सांगत गेले. संध्याकाळी फुरसं चावलेला एक शेतकरी आला. डॉक्टर त्याला तपासत होते तोवर मी रक्त घेतलं, काचेच्या कोरड्या नळीत दोन मिली टाकलं आणि नळी स्टँडला लावली. वीस मिनिटं ती हलवायची नसते. रक्त गोठलं नाही, तर विष रक्तात भिनलंय असं समजून एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, सुरू करायचं. मावशींना सांगितलं, नळीला कोणाचा हात लागू देऊ नका. तेवढ्यात लेबर रूममधून हाक आली. बाळ आलं, पण रडलं नाही. पुसलं, पाठ चोळली, तरी श्वास नाही, म्हणून बॅग-मास्क लावून श्वास दिला. ते रडलं तेव्हा कुठे माझा जीव खाली पडला. परत येऊन नळी बघितली, रक्त पातळच. एएसव्ही चालू केलं आणि त्याला रिॲक्शन येते का, यासाठी त्याच्या खाटेशी थांबले. पहाटे आठव्या महिन्यातल्या एका बाईला झटके आले. मॅगसल्फ, म्हणजे झटके थांबवणारं औषध, देऊन तिला 108 ने सिव्हिलला पाठवलं.

तुम्ही मधेच विचारत होता. “नळी काचेचीच होती ना? प्लास्टिकची नव्हती?” “बाळ किती वेळाने रडलं?” “सिव्हिलला कागदावर काय लिहून दिलंत?” परीक्षा घेतल्यासारखं नव्हे, तर खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं. आणि सगळं झाल्यावर तुम्ही तो कागद फिरवून माझ्यापुढे सरकवलात. म्हणालात, “सिस्टर, मी नीट लिहिलंय का बघा. काही चुकलं असेल तर दुरुस्त करा.”

मॅडम, तुम्हाला हे आठवतही नसेल. तुम्ही पीएचडी झालेल्या, कित्येक बॅचना शिकवलेल्या. मी पदराला बिटाडिनचे डाग घेऊन आलेली एक स्टाफ नर्स. आणि तुम्ही माझ्या हातात पेन दिलंत, तुमचं लिहिलेलं तपासायला. त्या कागदावर मी एक शब्द दुरुस्तही केला, तुम्ही मान हलवलीत. नोकरीला लागल्यापासून डॉक्टरांनी, ऑफिसने, नातेवाइकांनी मला कामं सांगितली. माझ्या कामातलं मला जास्त कळतं असं धरून कोणी मला काही तपासायला दिलं नव्हतं. एसटीत खिडकीशी बसून मी रडले ते थकून नव्हे.

मग तुम्ही शाखेचं सांगितलंत. कम्युनिटी घ्या, कारण तिथे आई, बाळ, म्हातारा माणूस आणि मनाचा आजार सगळं एकाच घरात भेटतं. अमेरिकेतल्या नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेने 2003 साली ‘क्लिनिकल नर्स लीडर’ ही भूमिका मांडली आणि तिच्यासाठी एकाच शाखेत न अडकणारी मास्टर्स पदवी असते, हेही तुमच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. आपल्याकडेही ती का नसावी, हा प्रश्न मी आता सगळ्यांना विचारत असते. आणि महाडचं उदाहरण दिलंत. डॉ. हिंमतराव बावस्करांनी तिथे विंचू चावलेल्या रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या, 1982 साली त्यांचं लिखाण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, पुढे प्राझोसिन या औषधाने किती जीव वाचले. “तुमच्याच जिल्ह्यातलं आहे हे,” म्हणालात.

पुढची दोन वर्षं कशी गेली ते तुम्हाला माहीत आहे. संख्याशास्त्राने रडवलं, सासूबाईंनी घर सांभाळलं. प्रबंधाच्या वेळी मात्र तुम्ही पुन्हा त्याच रात्रीकडे नेलंत. सिव्हिलला पाठवताना नर्स कागदावर काय लिहून देते, काय राहून जातं, हाच विषय घ्या म्हणालात. कुठलातरी तयार विषय घेऊन प्रश्नावली वाटून मोकळं होणं सोपं होतं आणि तसा सल्ला देणारेही भेटले होते.

तुम्ही माझ्यासाठी कुठला नियम वाकवला नाहीत, शब्द टाकला नाहीत, एक गुणही वाढवून दिला नाहीत. तुम्ही विचारलंत आणि उत्तर संपेपर्यंत ऐकलंत. असं ऐकून घेणारी माणसं दवाखान्यात, कॉलेजात, ऑफिसात बसलेली असतात, कोणी त्यांच्यावर लिहीत नाही. पेशंटचं नाव विचारून मगच सुई टोचणारी सिस्टर, म्हाताऱ्या बाईला फॉर्म भरून देणारा क्लार्क, रात्री दोनला फोन उचलून न चिडणारे डॉक्टर. यांच्या जिवावर आमच्यासारख्यांच्या नाइट निघतात.

आमच्याकडे रेफर करतानाचा कागद आता नवीन नमुन्यावर भरला जातोय. मॅगसल्फ किती दिलं, किती वाजता दिलं, झटका किती वेळ टिकला, एवढं तरी त्यावर असतंच. गेल्या आठवड्यात सिव्हिलच्या लेबर रूममधून एका सिस्टरचा फोन आला, हा नमुना त्यांना हवाय म्हणून. मी पाठवला. तुम्हालाही पाठवतेय. पेढे घेऊन येईन तेव्हा मात्र दार उघडा आणि मला पुरतं बोलू द्या.

तुमची विद्यार्थिनी,
ग्रामीण रुग्णालयातली जनरल ड्युटीची सिस्टर