मुलांच्या हस्तकलेला किट कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या मुलांच्या पानावर ‘घरच्या घरी करा’ म्हणून जी हस्तकला येते, ती आमच्या घरी कात्री हातात घेऊनच वाचली जाते. नात दुसरीत आहे, नातू अंगणवाडीत. मुलगा आणि सून दोघंही कामावर, त्यामुळे सुट्टी लागली की दोन्ही पोरं माझ्या ताब्यात. पण अलीकडे या पानात ‘घरचं’ म्हणावं असं फारसं काही उरलेलं नाही. ग्लू गन, फोम शीट, ग्लिटर, पाईप क्लीनर म्हणजे लवदार तार, रंगीत काड्यांचं पाकीट. आणि वर ठळक अक्षरात ‘सहज उपलब्ध साहित्य’. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात स्टेशनरीच्या दुकानात पाईप क्लीनर मागितला, तर दुकानदाराने मला हार्डवेअरच्या दुकानाचा पत्ता सांगितला. नवी पेठेत मिळतो म्हणे. म्हणजे रिक्षाचं जाण्यायेण्याचं भाडं घाला, वर किटचे साडेतीनशे मोजा, आणि त्यातून तयार होणार काय, तर एक सुरवंट!

मी यंत्रमागावर जॉबर होतो. माग बिघडला की जुळवायचा, हेच आयुष्यभर केलं. त्यामुळे सोलापुरात राहून हस्तकलेचं सामान विकत आणायचं, हे काही माझ्या गळी उतरत नाही. कुठल्याही कारखान्याच्या दारात जा. सूत संपलेले कागदी कोन पोत्यात भरून ठेवलेले असतात. टॉवेलच्या कडेची कात्रणं असतात, चादरीच्या दशा असतात, तुटलेल्या सुताचा गुंता असतो. आमची सून गणवेशाच्या कारखान्यात ओव्हरलॉकच्या मशीनवर बसते. सोलापुरातून शाळांचे गणवेश कुठे कुठे जातात. त्याची कात्रणं मात्र इथंच राहतात आणि मशीन पुसायला चिंधी म्हणून किलोवर विकली जातात. निळं, खाकी, लाल चौकड्याचं, पांढरं. नात त्यातून रंग निवडते तेव्हा साडीच्या दुकानात बसल्यासारखा वेळ लावते.

या सामानाचं काय करता येतं, ते एका उदाहरणाने सांगतो, कारण मला त्यातलंच कळतं.

बुटाच्या खोक्याचं झाकण घ्यायचं. जाड पुठ्ठा असला की झालं. वीतभर लांब, त्याहून थोडा कमी रुंद असा तुकडा कापायचा. वरच्या आणि खालच्या कडेला अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर छोट्या खाचा द्यायच्या. हे काम मोठ्या माणसाने करावं. सूत एकेरी घेतलं तर पोरांच्या बोटांना सापडत नाही, म्हणून चार-पाच पदर एकत्र करून वरच्या खाचेतून खालच्या खाचेत, पुन्हा वर, असं ताणत न्यायचं. टोकं मागे चिकटपट्टीने चिकटवायची. हा झाला ताणा. आडव्या धाग्यासाठी चिंधीच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या. परकरात नाडी ओवायची पिन प्रत्येक घरात असते, तिला पट्टी बांधायची. एका धाग्याच्या वरून, पुढच्याच्या खालून. परतताना उलट. आणि चार ओळी झाल्या की जुन्या कंगव्याने खाली ठोकून बसवायच्या. मागावर हेच काम फणी करते.

सगळीच पोरं इथं एका ठिकाणी अडतात. पट्टी ओढून घट्ट करतात. मग दोन्हीकडचे काठ आत येतात आणि कापडाला मधोमध कंबर पडते. मागावर असं होऊ नये म्हणून दोन्ही काठांना टेम्पल लावलेलं असतं, ते कापड रुंदीला ताणून धरतं. पुठ्ठ्यावर टेम्पल कुठून आणणार? त्यावर उपाय एवढाच की आडवी पट्टी सरळ ओढायची नाही, कमानीसारखी सैल टाकायची आणि मग कंगव्याने खाली बसवायची. कमानीतला जास्तीचा धागा वरखाली वळताना आपोआप खर्ची पडतो. नातीला हे समजावून सांगितलं तेव्हा तिने मान डोलावली आणि पुन्हा घट्टच ओढली. तिसऱ्या तुकड्याला काठ सरळ आला, तेव्हा मात्र अख्ख्या वाड्याला दाखवून आली.

मग तिने विचारलं, “ताता, टॉवेलला केस का असतात?” सोलापूरच्या पोरीने विचारावा असाच प्रश्न. टॉवेलच्या मागावर ताण्याचे दोन भीम, म्हणजे उभा धागा गुंडाळलेले रूळ, असतात. एकावरचा धागा ताठ, दुसऱ्यावरचा सैल. काही आडवे धागे फणी पुरते न ठोकता थोडं अंतर ठेवून सोडते आणि मग सगळे एकदम पुढे ढकलते. ताठ धागा जागेवर राहतो, सैल धागा वर उचलला जाऊन त्याचे फुगे होतात. पुठ्ठ्यावर हे जमत नाही, पण जवळपास जाता येतं. आडवं सूत टाकताना दर दुसऱ्या ठिकाणी ते थोडं वर ओढून बॉलपेनच्या संपलेल्या रिफीलवर चढवायचं. पुढच्या दोन ओळी साध्या विणून ठोकायच्या आणि मग रिफील हळूच बाहेर काढायची. फुग्यांची एक रांग उभी राहते. खऱ्या टॉवेलात हे फुगे उभ्या धाग्याचे असतात, इथं आडव्याचे, एवढा फरक. नात आता पाहुण्यांकडचाही टॉवेल उलटसुलट करून बघते.

तो विणलेला तुकडा ती शाळेत घेऊन गेली. ‘हस्तकला प्रकल्प’ होता. परत आला. शेरा, ‘फिनिशिंग नाही.’ वर्गात पहिला नंबर आला तो एका तयार किटमधल्या घराला. पालकांच्या ग्रुपवर त्याचा फोटो होता, कडा अशा कापलेल्या की सात वर्षांच्या हाताने ते शक्यच नाही. बाईंना दोष देत नाही, पन्नास पोरांचं बघायचं असतं त्यांना. पण फिनिशिंगला मार्क द्यायचे म्हटलं की पोराच्या हातातली कात्री बापाच्या हातात जाणारच.

त्याच ग्रुपवर एकदा रात्री नऊला निरोप आला, उद्या थर्माकोलचं मॉडेल आणावे. सजावटीच्या थर्माकोलवर आपल्या राज्यात 2018 साली बंदी आली, देशभरात 1 जुलै 2022 पासून आली. गणपतीच्या मखराला जे चालत नाही ते शाळेच्या प्रकल्पाला कसं चालतं, हे कोणी सांगेल का? आणि ते रात्री नऊनंतर कुठल्या दुकानात मिळतं, हेही.

चिकटवायला काय, हा पुढचा प्रश्न. ग्लू गन तापते, हात भाजतो. पोरांच्या पानावर ती यायलाच नको. घरची खळ पुरते. एक वाटी मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवायचा म्हणजे गुठळ्या होत नाहीत, मग एकूण चार वाट्या पाणी होईल एवढं पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं, पांढरेपणा जाऊन चकाकी येईपर्यंत. पुस्तक बांधणारे कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. पोरांच्या खळीत तो अजिबात नको, विषारी आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात खळ दुसऱ्या दिवशी आंबते. फ्रीजमध्ये ठेवली तर तीन-चार दिवस जाते. आंबट वास आला की टाकून द्यायची.

मातीकाम करायचं तर दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि लागेल तसं पाणी, साधारण वाटीभर. पुरीच्या कणकेएवढं घट्ट मळायचं. रंगाला हळद, बीट. यावर माझं एक मत आहे: हे काम दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतच करावं. पावसाळ्यात मीठ हवेतली ओल ओढतं आणि श्रावणापर्यंत पोरांनी केलेला बैल मऊ पडून मान टाकतो. उन्हाळ्यातही थेट गच्चीवर टाकू नये. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा वरचा थर आधी वाळतो, आत ओल राहते आणि तडे जातात. एक दिवस सावलीत, मग उन्हात, मधून मधून उलटत. आणि खाऊ देऊ नका, मीठ फार असतं.

बाकी साहित्य म्हणाल तर तुमचंच आहे. सकाळी अग्रलेख वाचून झाला की दुपारी पान आमच्याकडे नळी होऊन जातं. वर्तमानपत्राचं पान एका कोपऱ्यापासून तिरकं, सायकलच्या आऱ्यावर घट्ट गुंडाळत न्यायचं, शेवटच्या कोपऱ्याला खळ लावायची आणि आरा ओढून काढायचा. अशा दोन-तीन नळ्या एकीत एक खुपसल्या की उंच काठी होते. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या, दिवसांत आमच्या गल्लीत या काठीचा नंदीध्वज होतो. यात्रेत मिरवणुकीने निघणाऱ्या उंच काठ्या म्हणजे मानाचे नंदीध्वज सात, म्हणून पोरांचेही सात. वर कागदाचं बाशिंग, खोबऱ्या-लिंबाच्या हाराला पांढऱ्या-पिवळ्या कागदाच्या चकत्या सुतात ओवलेल्या. खाली पाया म्हणून सुताचा कोन. यात्रेतला सिद्धेश्वरांच्या लग्नाचा अक्षता सोहळाही बोळातच. शाईने हात काळे होतात, तेवढे जेवणाआधी धुवायला लावावे लागतात.

नातवासारख्या तीन-चार वर्षांच्या पोराला कात्रीचीही गरज नाही. कागद फाडायचा आणि चिकटवायचा. फाडताना अंगठा आणि दोन बोटं जी कामाला लागतात, तीच पुढे पेन्सिल धरतात. पण या वयाच्या पोरांसमोर बटणं, मणी ठेवू नयेत, ते तोंडात जातात. आणि एक गोष्ट कृपा करून चौकटीत छापा: बाजारातल्या किटमध्ये हल्ली चमकणारे दिवे असतात, त्यात नाण्यासारखी चपटी बटण बॅटरी असते. ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. वाट बघायची नसते, तडक दवाखाना गाठायचा असतो.

हे सगळं मी नव्याने शोधलेलं नाही. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांना शिकवलं ते भोवताली मिळणाऱ्या वस्तू घेऊनच. अरविंद गुप्ता आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून पोरांना भूमिती शिकवत आले, 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि आमच्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या, घरांत तर बतुकम्मा हा फुलांचा सण आहेच. ताटात पानं पसरायची, तरवडाची आणि कुर्डूची फुलं देठ आत करून गोल गोल रचत न्यायची, वर निमुळतं, टोकाला हळदीची गौरम्मा, म्हणजे गौरी. देठ एकसारखे तोडून देणं हे आमच्याकडे धाकट्याचं खातं. चार वर्षांचा पोरगा तासभर एका जागी बसतो, मोबाईलशिवाय. रचताना मधली पोकळी पानांनी नीट भरली नाही तर सगळा डोलारा एका बाजूला कलतो, आणि मग सासू कुणामुळे झालं ते ओरडून सांगते.

तेव्हा संपादक महोदय, मागणी थोडीच आहे. मुलांचं पान रविवारऐवजी शनिवारी द्या, म्हणजे रविवारी आई-वडील घरी असताना ते करता येईल. मापं वाटी, वीत, बोट यांत द्या. कुठल्या वयाला काय, आणि कात्री-गॅसचं काम कुणी करायचं, ते वरच लिहा. शेजारी जो फोटो छापता तो पोराने केलेल्या वस्तूचा छापा, वाकडी असली तरी. आणि सोलापूरच्या आवृत्तीत महिन्यातून एकदा तरी इथल्या वस्तूंचं काही येऊ द्या. रब्बीची ज्वारी निघाली की धाटाच्या पांढऱ्या गाभ्याची बैलगाडी करता येते. फक्त साल मोठ्यांनी सोलावी, ती बोट कापते. अक्कलकोटकडची माणसं मातीचे बैल करतात, त्यांना विचारा.

पुठ्ठ्याच्या मागाची आकृती सोबत पाठवत आहे. खाचांमधलं अंतर मोजून काढलं आहे, छापताना लहान-मोठी करू नये. लहान झाली तर खाचा जवळ येतात आणि पट्टी आत शिरत नाही.

आपला,
एक निवृत्त जॉबर,
अशोक चौक परिसर, सोलापूर