लबकहून पत्र

लबक, टेक्सास

तीर्थरूप बाबा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मी रात्री बंदुकांचे सिनेमे पाहत बसतो, ही आईची तक्रार दादाकडून कळली. काळजी नसावी. शनिवारी मी आणि येथले दोघे जण असे आम्ही तिघे माझ्याच खोलीत बसतो, बाहेर कोठे जात नाही, आणि खिचडी मीच करतो.

शिवाय हे वेस्टर्न म्हणजे बाबांच्या ओळखीच्या घोड्यांच्या सिनेमांसारखे नव्हेत. २०१६ सालच्या ‘हेल ऑर हाय वॉटर’मध्ये घोड्यांच्या जागी जुन्या मोटारी आहेत आणि दरोडेखोरांहून बँकच अधिक खलनायक वाटते. आईच्या मागे राहिलेली जमीन जप्त होऊ नये म्हणून दोघे भाऊ त्याच बँकेच्या शाखा लुटतात आणि तिच्याच पैशाने तिचे कर्ज फेडतात. गोष्ट पश्चिम टेक्सासची असली तरी चित्रीकरण न्यू मेक्सिकोत, येथून दोनेक तासांवरच्या क्लोव्हिसच्या बाजूला झाले. रस्त्याकडेचे कर्जाच्या जाहिरातींचे फलक पाहून मला यवतमाळचा रस्ता आठवला. येथेही कापूसच पिकतो.

एका गोष्टीचे मात्र नवल वाटते. सिनेमा यांच्याच भाषेतला, तरी ही मंडळी पडद्याखाली अक्षरे लावूनच पाहतात. ती माझ्यासाठी लावली असे वाटून पहिल्या दिवशी मी जरा घुश्शातच बंद करायला सांगितली, तेव्हा याच गावात जन्मलेला सहकारी म्हणाला की त्यातला नट जेफ ब्रिजेस काय पुटपुटतो ते त्यालाही कळत नाही. नव्या सिनेमांत बोलणे बारीक आणि गोळीबार कानठळ्या बसवणारा, त्यामुळे रिमोट सतत हातात ठेवण्यापेक्षा वाचलेले बरे, असा यांचा हिशेब. ‘शोले’ आपल्याला शेजारच्या घरातून ऐकूनही समजायचा!

‘हेल ऑर हाय वॉटर’मधल्या आईच्या शेवटच्या आजारात धाकटा मुलगा तिच्यापाशी राहिलेला असतो. आपल्याकडे गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी दादा होता. सिनेमात त्या आजाराचे बोलणे निघाले, तेवढ्या वेळात मी उठून खिचडी गरम करून आणली.

सोसायटीच्या कर्जासाठी ४०,००० रुपये दादाच्या खात्यात पाठवले आहेत, ३१ मार्चपूर्वी भरावेत. नागपूरच्या स्थळाला मी नकार दिलेला नाही, फक्त दिवाळीला येणे जमणार नाही एवढेच कळवले होते. दादाला सांगावे, हा सिनेमा आपण दोघे मिळून पाहू. अक्षरे नकोत, मी शेजारी बसून सांगत जाईन.

आपला,
धाकटा